कडेचा तपकिरी रंग

उत्तर जपानमधल्या अकितातल्या फेब्रुवारीत सकाळ आकाशातून उतरत नाही. ती बर्फातून वर येते. रात्रभर पडलेला बर्फ खिडकीच्या निम्म्या उंचीपर्यंत चढून बसलेला असतो, ढग इस्पितळाच्या गच्चीला टेकलेले असतात, सूर्याचा कोठे मागमूस नसतो, आणि तरीही केव्हातरी तो बर्फ आतूनच उजळू लागतो. आधी निळसर, मग ताकाच्या निवळीसारखा, मग दुधाचे पातेले विसळलेल्या पाण्यासारखा पांढुरका. हा उजेड घाई करीत नाही. तो काचेवर साचलेल्या बाष्पाच्या ओघळांतून वाट काढीत आत येतो, खिडकीच्या कट्ट्यावर कोणीतरी विसरलेल्या चहाच्या पेल्याला वळसा घालतो, टेबलाच्या कडेशी क्षणभर रेंगाळतो आणि शेवटी पुठ्ठ्याच्या तबकांत मांडून ठेवलेल्या काचपट्ट्यांवर पसरतो. मग प्रत्येक पट्टीला एक बारीक चकाकती कड फुटते. पट्ट्यांवरचे मांसाचे पापुद्रे दिव्याखाली नुसते गुलाबी-जांभळे डाग वाटतात. त्या उजेडात ते पुस्तकात दाबून विसरलेल्या पाकळ्यांसारखे दिसतात. एखादी पाकळी फिकट, एखादी कडेने करपल्यासारखी, एखादी इतकी विरलेली की तिच्यातून पलीकडचा बर्फ दिसावा.

या एका घटकेसाठी नाओया इसोबे इतर सर्वांच्या आधी कामावर येत असे. पॅथॉलॉजी विभागातला तो सर्वांत धाकटा डॉक्टर. माणसांच्या डोळ्यांना डोळा भिडवणे त्याला कधी जमले नाही, म्हणून त्याने रोग्याचे तोंड पाहावे न लागणारी ही विद्या निवडली होती. काचपट्टी उलटून पाहत नाही. काचपट्टीला उत्तर द्यावे लागत नाही.

परंतु उजेड काचपट्ट्यांपाशी थांबत नसे. तो तसाच पुढे सरकून शेजारच्या खोलीच्या उघड्या दारातून आत जाई, आणि तेथे फळीवरच्या बरण्यांत औषधी पाण्यात बुडवलेले अवयव त्याच हळुवारपणे उजळत. काल कापलेले एक जठर अजून बुचाच्या फळीवर टाचण्यांनी ताणून ठेवलेले होते. त्याच्या वळ्यांमधला बुळबुळीत थर धुऊनही पुरता गेला नव्हता. शिंकरलेल्या शेंबडासारखा तो कडेला लोंबत होता. इसोबेला दर सकाळी मळमळे. तो वास हातमोज्यांतून बोटांना लागतो, बोटांवरून भाताच्या वाडग्याला लागतो, अशी त्याची खात्री होती. इतकी वर्षे होऊनही ही शिसारी सरली नव्हती. ती फक्त मुकी झाली होती.

त्या सकाळी वरच्या तबकात एकाच माणसाच्या पट्ट्या होत्या. शिगेओ ओनोदेरा, साठी ओलांडलेला, मुळे धुरावून त्यांची लोणची विकणारा. काही वर्षांपूर्वी याच इस्पितळात त्याच्या जठरातली गाठ काढली होती. आता यकृतात गाठ दिसत होती, आणि जुन्या काविळीने ते यकृत आधीच राठ झालेले होते, म्हणून ते बदलण्याची तयारी शरदापासूनच चालू होती. शक्यता दोनच होत्या. यकृताचा हा स्वतःचा नवा कर्करोग असेल, तर ते सबंध यकृत काढून मुलीच्या यकृताचा अर्धा भाग तेथे बसवायचा, आणि माणूस वाचण्याची आशा धरायची. मात्र जठरातलीच जुनी गाठ रक्तातून येऊन यकृतात रुजली असेल, तर मुलीने दिलेले यकृतही त्या गाठीच्याच तोंडी जाणार, आणि एका निरोगी मुलीचे पोट विनाकारण फाडले जाणार.

जठराच्या काही मोजक्या गाठी यकृताचे सोंग घेतात. तशाच बहुकोनी पेशी, तशाच त्यांच्या रांगा, रक्तात वाढणारे प्रथिनही तेच. नुसत्या डोळ्यांना हे सोंग उलगडत नाही, म्हणून मार्कर वापरायचे. पेशीत ठरावीक प्रथिन असेल तर मार्कर तिला तपकिरी रंगवतो. नसेल तर ती फिकट निळी राहते. आर्जिनेज हा यकृताच्या पेशींचा मार्कर. गेल्या आठवड्यात सुईने काढलेल्या ओनोदेराच्या तुकड्यात आर्जिनेजचा तपकिरी रंग दिसला होता. अहवाल गेला होता, ‘यकृताचा कर्करोग’. उद्या सर्व विभागांची संयुक्त बैठक होती, आणि परवा शस्त्रक्रिया.

हे ठरले होते ते दुहेरी सूक्ष्मदर्शकावर, विभागप्रमुख कुदोसेन्सेईंच्या, म्हणजे कुदोडॉक्टरांच्या, समोर बसून. एकाच काचपट्टीकडे दोन माणसे समोरासमोर बसून पाहू शकतील असे ते यंत्र. पट्टी सरकवायची ती थोरल्याने. विभागाची एक रीत होती. या यंत्रावर धाकट्याने आधी बोलायचे, म्हणजे थोरल्याच्या मताचे ओझे त्याच्यावर पडत नाही. रीत कुदोंनीच पाडलेली. इसोबेला ती निव्वळ ढोंग वाटे. थोरल्याचा चेहरा आधीच बोललेला असतो, मग धाकट्याच्या बोलण्याला अर्थ काय उरला, असे तो स्वतःशी म्हणे. त्या दिवशीही तसेच घडले होते, असे त्याचे मत होते.

आता बैठकीसाठी फोटो काढण्याचे काम त्याच्याकडे आले होते. त्याने आर्जिनेजची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सारली आणि सर्वांत कमी ताकदीच्या भिंगातून पाहिले.

तपकिरी रंग होता. पण तो कडेला होता. सुईच्या धाग्याएवढ्या तुकड्याच्या एका बाजूला गाठीने रेटून अंग चोरायला लावलेल्या पेशींचा एक पट्टा होता, आणि रंग काय तो त्या पट्ट्यात होता. तो पट्टा म्हणजे ओनोदेराच्या मूळ यकृताचा उरलासुरला काठ. गाठीच्या आत, जेथे पेशी दाटीवाटीने माजल्या होत्या, तेथे रंगाचा शिंतोडाही नव्हता. सगळे फिकट, थंड, निळे. सोंग इतके हुबेहूब होते की काठ कोठे संपतो आणि गाठ कोठे सुरू होते हे शोधावे लागत होते. परंतु शोधणाऱ्याला ते सापडत होते.

इसोबेने पट्टी किंचित बाजूला सरकवली. चौकट तपकिरी रंगाने भरली. त्याने फोटो काढला.

मग त्याच्या तोंडात कडवट पाणी सुटले. त्याने ते गिळले, आणि गिळताना त्याच्या डोळ्यांपुढे कुदोंचे तोंड आले: मांसल ओठ, त्यांवर सदोदित ओलावा, हसताना दिसणारे पिवळे दात. ओनोदेराच्या जठराचा जुना अहवाल कुदोंनी लिहिला होता. साधी गाठ, पूर्ण निघाली, रक्तवाहिनीत शिरकाव नाही. यकृतातली गाठ जर जठराची निघाली, तर तो अहवाल खोटा पडणार. म्हातारा आपली सही सांभाळतो आहे, इसोबेने मनाशी म्हटले, आणि त्या विचाराने त्याला एक विचित्र, किळसवाणा दिलासा मिळाला.

“अगंबाई, माणूस आहे होय!” दारातून साकाकीबाईंचा आवाज आला. काचपट्ट्या रंगवण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि इसोबेला छळण्याचेही. “मला वाटलं, कुणी खुर्चीवर कोट टाकून गेलंय. दिवा तरी लावत जा हो, इसोबेसेन्सेई. भुतंसुद्धा हल्ली दिवा लावतात.”

“उजेड होता,” तो पुटपुटला.

“उजेड म्हणे! या उजेडात बायका तांदूळ निवडणार नाहीत.”

त्याने फोटो जतन केला आणि बाहेर पडला.

लिफ्टमध्ये माणसे बोलतात, म्हणून तो जिन्याने जाई. त्या जिन्यावर गेल्या शरदापासून रोज सकाळी एक मुलगी वर-खाली करताना दिसे. गुडघ्याला पट्टा, गळ्यात टॉवेल, चेहरा लालबुंद. ती दिसली की इसोबे भिंतीला चिकटून तिला वाट देई. आज ती त्याच्या एक पायरी वर थांबली.

“अहो डॉक्टर, तुम्ही रोज मला वाट देता आणि भिंतीकडे बघता. भिंत माझ्यापेक्षा बरी दिसते का?”

“नाही. म्हणजे, तसं नाही.”

“गंमत केली हो. बसा जरा, मलाच बसायचंय.” ती धापा टाकीत पायरीवर बसली. तिच्या टॉवेलला लाकडाच्या धुराचा वास येत होता. “मी मिओ ओनोदेरा. इथे वजन उतरवतेय. यकृतावरची चरबी घालवायची. चरबीचं यकृत बाबांना चालणार नाही म्हणाले. दिवसरात्र कोंजाक खातेय. कोंजाक म्हणजे काय, कंदाची बेचव जेली, चावायला दिलेलं पाणी! स्वप्नात तळलेली कोंबडी येते माझ्या.”

इसोबेने नाव ओळखले. या मुलीचा चेहरा त्याने आज प्रथमच नीट पाहिला; तिचे यकृत त्याने कधीच पाहिले होते. देणाऱ्याच्या यकृताचा बारीकसा तुकडा तपासावा लागतो. पहिल्या खेपेस त्यात चरबीचे गोल पांढरे थेंब दाटले होते. नंतरच्या तुकड्यात ते बरेच विरळ झाले होते. ‘लक्षणीय सुधारणा’ असे त्यानेच लिहिले होते. ती सुधारणा गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढत असेल, हे त्याच्या मनातही आले नव्हते.

“बाबा नको म्हणतात,” ती टॉवेलने मान पुसत म्हणाली. “पोटावर एवढा मोठा वण राहील, मग तुझ्याशी लग्न कोण करणार, म्हणे. मी म्हटलं, जन्मभर मुळ्यांबरोबर धुरात बसलेय, आत्ता तरी कोण रांगा लावून उभंय?” ती हसली, मग एकदम थांबली. “तुम्ही कुठल्या विभागातले?”

“खाली. पॅथॉलॉजी.”

“म्हणजे बाबांची गाठ तुम्ही बघता?” तिने मान वर केली. “ती यकृताचीच आहे ना? नक्की?”

जिन्यातल्या खिडकीतून बर्फाचा उजेड तिच्या घामेजल्या कपाळावर पडला होता. इसोबे भिंतीकडे पाहू लागला.

“उद्या बैठक आहे,” तो म्हणाला.

“हो की. आणि नक्की असल्याशिवाय का कुणी कापायला घेतंय! मी पण काय विचारते.” ती गुडघ्यावर हात रेटून उठली. “चला, अजून चार मजले राहिलेत माझे.”

तिच्या पावलांचा आवाज वर वर जात विरला. इसोबेला आपल्याच तोंडाची किळस आली. ‘उद्या बैठक आहे.’ जिभेवर काहीतरी निसरडे बसले होते आणि ते थुंकता येत नव्हते.

तो परत खाली आला आणि साकाकीबाईंच्या टेबलाशी उभा राहिला. त्यांनी मान वर केली.

“ओनोदेराच्या तुकड्यावर आणखी एक मार्कर लावायचाय. सॉल-फोर. आणि त्यांच्या जुन्या जठराचे मेणात जपलेले ठोकळे काढून त्यांच्यावरही.”

सॉल-फोर हा सोंग उघडे पाडणारा मार्कर. यकृताच्या खऱ्या कर्करोगात तो सहसा रंगत नाही. यकृताचा वेष घेतलेल्या जठराच्या गाठीत पेशींची केंद्रके तपकिरी करतो.

“आत्ता? सगळं ठरल्यावर?” साकाकीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “कुदोसेन्सेईंना विचारलंत?”

“नाही.”

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. “बरं. मग मीही तुम्हाला काही विचारलेलं नाही. सकाळी मिळेल.”

मोठ्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी कुदो सर्व विभागाला जेवायला नेत, आणि नेहमी एकाच ठिकाणी नेत: स्टेशनच्या मागचे, आतड्या-कोथळ्यांचे मांस भाजून देणारे बुटके दुकान. तेथे टेबलात मध्यभागी निखारे असतात. इसोबेला त्या दुकानाचा पडदा बाजूला सारतानाच घशाशी येई. दिवसभर जे अवयव कापायचे, त्यांचेच गुरांच्या पोटातले भाऊबंद संध्याकाळी ताटात. चरबी निखाऱ्यावर गळत होती, ज्वाळा उसळत होत्या, भिंती तेलकट घामाने पाझरत होत्या. कुदो बाह्या सारून चिमट्याने तुकडे उलटत होते. बीअरचा फेस त्यांच्या वरच्या ओठावर वाळला होता. त्यांनी लसणात घोळलेली आतड्याची एक वळी तोंडात टाकली, ती गालातून गालात फिरवली, आणि इसोबेला तिचा रबरी कचकच आवाज आपल्याच दातांत जाणवला.

“इसोबेकुन, तुझं ताट कोरं कसं?” कुदो गरजले. “लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा बसलायस. हे बघ.” त्यांनी काळ्या रशात बुडवलेले, पुरते करपलेले दोन तुकडे त्याच्या ताटलीत ठेवले. “धाकट्याने आधी! यातली वजडी कुठली आणि कलेजी कुठली? ओळख. पॅथॉलॉजिस्ट ना तू!”

सगळे हसू लागले. साकाकीबाई म्हणाल्या, “मार्कर लावून देऊ का?”

इसोबेने वर पाहिले. कुदोंच्या भुवया डावीकडच्या तुकड्याच्या दिशेने उचलल्यासारख्या वाटल्या.

“डावीकडची कलेजी,” तो म्हणाला.

“वजडी रे बाबा, वजडी! आंधळ्यालाही कळेल, त्याला रेघा आहेत!” कुदोंनी टेबलावर हात आपटला. मग ते किंचित पुढे झुकले, आणि त्यांच्या आवाजातले हसू उतरले. “तू तुकड्याकडे बघितलंस, की माझ्या तोंडाकडे?”

इसोबेने तो तुकडा तोंडात घातला. बाहेर चिवट, आत मऊ, आणि मध्येच एक खरखरीत थर, जिभेवर जीभ ठेवल्यासारखा. त्याने दोनदा चावले आणि तो उठून बाहेर धावला. दुकानाच्या कडेच्या स्वच्छ बर्फावर त्याने सगळे ओकून टाकले. वाफाळता तपकिरी डाग बर्फात खड्डा करीत खाली रुतू लागला.

पाठीवर एक जड, उबदार हात फिरला. “पडू दे, पडू दे सगळं,” कुदो म्हणत होते. त्यांच्या श्वासाला लसणाचा वास होता. “सकाळपासून बघतोय, तुझं काहीतरी अडलंय. ओनोदेराचं काही राहिलंय का?”

इसोबे गुडघ्यांवर हात टेकून त्या डागाकडे पाहत राहिला. विचारतो कसा, त्याला वाटले, जणू ऐकून घेणार आहे! त्या हाताचा ओला उबारा कोटातून कातडीला भिडत होता आणि त्याला तो झटकून टाकावासा वाटत होता.

“नाही,” तो म्हणाला. “काही नाही.”

“मग घरी जा. गरम पाणी पी. आणि मांसाचं मनावर घेऊ नकोस, पुढच्या खेपेस तुला टोफू खिलवतो.”

दुसऱ्या दिवशी उजेड नेहमीसारखाच आला, पण इसोबेने त्याच्याकडे पाहिले नाही. साकाकीबाईंनी तबक तयार ठेवले होते. सुईच्या तुकड्यात कडेचा पट्टा, काल तपकिरी असलेला तोच पट्टा, आज फिकट निळा होता. आणि त्याच्या आतली सगळी गाठ, केंद्रकामागून केंद्रक, तपकिरी ठिपक्यांनी भरून गेली होती. कालच्या चित्राचा कोणी पालथा ठसा काढावा, तसे. मग त्याने जुने जठर लावले. बहुतेक पट्ट्या निळ्या होत्या. एका पट्टीच्या कोपऱ्यात, साध्या गाठीच्या खाली दडून, तसेच तपकिरी ठिपके होते, आणि त्यांतला एक पुंजका बारीक रक्तवाहिनीच्या पोकळीत शिरलेला होता. सगळे तेथेच होते. इतकी वर्षे तो ठोकळा कपाटात पडून होता.

बैठकीच्या खोलीत शल्यविभागाच्या प्रमुख नागासेसेन्सेई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या उभ्यानेच जेवतात आणि बसल्याबसल्या झोपतात, असे त्यांच्याविषयी बोलले जाई. पडद्यावर फोटो लागायची वेळ आली तेव्हा इसोबेने कालचा तपकिरी फोटो वगळला आणि कमी ताकदीच्या भिंगाचा नवा लावला. त्याने हातातल्या दिव्याचा लाल ठिपका पडद्यावरच्या कडेच्या पट्ट्यावर नेला.

“हा तपकिरी पट्टा रोग्याच्या मूळ यकृताचा आहे. गाठ… गाठ फिकट आहे.”

“जरा मोठ्यानं!” मागून कोणीतरी म्हणाले. “बर्फाशी बोलताय का?”

“ही गाठ यकृताची नाही,” इसोबे म्हणाला. “जठराची आहे. जुनीच.”

खोलीत खुर्च्या करकरल्या. नागासेंनी पेन टेबलावर ठेवले. “उद्या सकाळी मी एका धडधाकट मुलीचं पोट उघडणार होते,” त्या अगदी सावकाश म्हणाल्या. “आणि हे तुम्हाला आज सुचतंय? गेल्या आठवड्यात काय बघत होतात, चांदणं?”

इसोबेने कुदोंकडे पाहिले. आता म्हातारा सारवासारव करील, रंगाला दोष देईल, सुईला देईल, मला देईल. तो त्या क्षणाची वाट पाहत होता. जवळजवळ आतुरतेने पाहत होता. त्या किळसेला आता तोंड फुटणार होते.

“पुढची दाखव,” कुदो म्हणाले.

पडद्यावर जठराचा कोपरा आला. कुदो उठून पडद्याजवळ गेले आणि नाक लागेल इतक्या जवळून पाहू लागले. तपकिरी ठिपके त्यांच्या कपाळावर आणि पांढऱ्या भुवयांवर पडले.

“हा कोपरा मी त्या वेळी पाहिला नाही,” ते म्हणाले. “ही वाहिनीही नाही. अहवाल माझा, गेल्या आठवड्याच्या अहवालावर सहीही माझी.” ते नागासेंकडे वळले आणि कमरेत पूर्ण वाकले. टकलामागचे विरळ केस पुढे लोंबले. “चूक माझी आहे. शस्त्रक्रिया रद्द करा. घरच्यांपाशी मीही येतो.”

इसोबेच्या हातातला लाल ठिपका भिंतीवर, छतावर, कोठेतरी भटकत होता. त्याच्या किळसेला पाय टेकायला जागा उरली नव्हती.

बैठक संपल्यावर कुदोंनी त्याला कॉरिडॉरमध्ये गाठले. ते दमलेले दिसत होते. वाकल्याने चेहरा सुजल्यासारखा झाला होता.

“बरं केलंस, स्वतःहून मार्कर लावलास ते.” थोडे चालून ते थांबले. “एक विचारू? गेल्या आठवड्यात आपण बसलो होतो, तेव्हा तुला तो फिकट भाग दिसला नव्हता का रे?”

“सेन्सेई, तेव्हा तुम्ही… तुम्हीच तर…”

“मी काय?”

त्यांच्या प्रश्नात काही दडलेले नव्हते. त्यांना खरोखरच आठवायचे होते. इसोबेचे ओठ हलले, पण वाक्याला क्रियापद मिळाले नाही. कुदोंनी जरा वाट पाहिली, त्याच्या खांद्यावर हलकेच थोपटले, आणि ते ओनोदेराच्या खोलीकडे निघून गेले.

दुपारी इसोबे जिन्याने जात होता. मिओ तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसली होती. गुडघ्याचा पट्टा सुटून पायाशी पडला होता. तिच्या मांडीवर इस्पितळाच्या दुकानातला कागदी डबा होता, आणि ती तळलेली कोंबडी खात होती. घाईघाईने, बोटे तोंडात घालून, तेल हनुवटीवरून ओघळू देत खात होती. डोळ्यांतले पाणी आणि तेल एकमेकांत मिसळले होते, आणि ती दोन्ही पुसत नव्हती.

“या,” ती तोंड भरलेल्या आवाजात म्हणाली. “मला आता सगळं खायला चालतं म्हणाले. कितीही.”

इसोबे भिंतीशी थांबला. मग तो तिच्या खालच्या पायरीवर बसला.

“बाबांना आत सांगतायत,” ती म्हणाली. “तो जाडा म्हातारा डॉक्टर आधी माझ्यापुढे वाकला, आणि मला काय करावं कळेना, मीही वाकले. वाकून वाकून दोघांचीही डोकी आपटणार होती.” ती हसायला गेली आणि घास तिच्या घशात अडकला. खोकून झाल्यावर तिने डबा त्याच्यापुढे धरला. “घ्या ना. मला एकटीला जात नाही.”

त्याने एक तुकडा उचलला. बोटे तेलाने माखली. त्याने तो खाल्ला. काल निखाऱ्यापाशी उसळलेले ते काहीच उसळले नाही. कोंबडीला मीठ होते, आल्याचा वास होता, आणि ती थंड होती. मळमळ होती ती त्याहून फार खाली, जेथे कोणताही घास पोचत नाही तेथे.

“म्हणाले, शेवटच्या घटकेला कुणीतरी बघितलं म्हणून मी वाचले,” मिओ म्हणाली. “मी महिनोन्महिने हा जिना चढले. बाबांनी कालच माझ्यासाठी नवीन मुळे टांगायला सांगितले, मी घरी येईपर्यंत धुरावलेले मिळावेत म्हणून. मग आधी का नाही बघितलं कुणी?”

“कुदोसेन्सेई…” इसोबेने सुरुवात केली, आणि तो थांबला.

त्याला ते यंत्र आठवले. दोन माणसे समोरासमोर, दोघांचे डोळे नळ्यांना लावलेले, मध्ये काळ्या पत्र्याची उंच मान. त्या यंत्रावर बसलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा दिसतच नाही. कुदोंचा चेहरा त्या दिवशी काही बोलला नव्हता, कारण तो त्याला दिसलाच नव्हता. कुदोंनी पट्टी ठेवली होती, या काठापासून त्या काठापर्यंत सावकाश सरकवली होती, कड आणि गाठ दोन्हींवर तेवढीच थांबवली होती. मग ते म्हणाले होते, “धाकट्याने आधी.” आणि वाट पाहत राहिले होते.

मिओने पुन्हा विचारले, “का नाही बघितलं कुणी?”

खिडकीबाहेर बर्फ पडू लागला होता. इसोबेने तेलकट बोटे मुठीत मिटली आणि प्रथमच भिंतीऐवजी तिच्या डोळ्यांत पाहिले.

“बघितलं होतं,” तो म्हणाला. “मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. आणि ‘यकृत’ मीच म्हणालो.”